स्फटिकांचा संग्रह आणि संगणकाचे गणित

एखादा पदार्थ किती कठीण असेल, वीज वाहून नेईल की नाही, हे प्रयोगशाळेत न जाता केवळ गणिताने सांगता येईल का? या प्रश्नाच्या इतिहासात १९६५ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे आहे.

पहिले कारण अमेरिकेतले. लोखंडाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. प्रत्येकाच्या स्थानासाठी तीन निर्देशक धरले, तर ७८ निर्देशकांचे समीकरण सोडवावे लागते! वॉल्टर कोन आणि पिएर होहेनबर्ग यांनी १९६४ मध्ये दाखवले की, किमान ऊर्जेच्या अवस्थेत इलेक्ट्रॉनांची घनता कळली तरी पुरते. आणि घनतेला तीनच निर्देशक लागतात. १९६५ मध्ये कोन आणि लू शाम यांनी ती काढण्याची व्यवहार्य रीत दिली. कोन यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

दुसरे कारण इंग्लंडमधले. क्ष-किरणांनी उलगडलेल्या स्फटिकरचना अनेक नियतकालिकांत विखुरलेल्या होत्या. केंब्रिजला ओल्गा केनार्ड यांनी सेंद्रिय पदार्थांच्या रचना एकत्र जमवण्याचे काम १९६५ मध्ये हाती घेतले. सुट्या प्रयोगांतून न दिसणारे नियम साऱ्या नोंदी शेजारी ठेवल्यावर दिसतील, हा त्यामागचा विश्वास. २०१९ मध्ये हा संग्रह दहा लाखांवर गेला. असेंद्रिय पदार्थांचा संग्रह १९७८ मध्ये जर्मनीत बॉन येथे सुरू झाला.

हे दोन प्रवाह पुढे एकत्र आले. गणित सुरू करायला अणूंची मांडणी ठाऊक असावी लागते. ती संग्रहांनी पुरवली. २०११ मध्ये अमेरिकेत 'मटेरियल्स प्रोजेक्ट' सुरू झाला. हजारो स्फटिकांचे गणित महासंगणकावर एकाच पद्धतीने करायचे आणि उत्तरे सर्वांना विनामूल्य खुली ठेवायची, अशी ही योजना.

पण उत्तरांवर विश्वास कितपत ठेवावा? सिलिकॉनच्या निषिद्ध ऊर्जापट्ट्याची मोजलेली रुंदी सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. प्रचलित गणिती रीत ती सुमारे ०.६ देते. ही संगणकाची चूक नव्हे. रीतीत गृहीत धरलेल्या अंदाजाची ती मर्यादा आहे. मग आज्ञावली बदलली तर उत्तरही बदलेल काय? २०१६ मध्ये अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी ७१ मूलद्रव्यांचे स्फटिक घेऊन १५ आज्ञावल्या आणि ४० पद्धती पडताळल्या. नव्या पद्धतींची उत्तरे एकमेकींशी उत्तम जुळली. काही जुन्या मात्र मागे पडल्या.

म्हणूनच अशा संग्रहात आकड्याबरोबर आज्ञावली, तिची आवृत्ती आणि गृहीतकेही नोंदवावी लागतात. प्रयोगवहीत नुसते उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण 'कृती कुठे आहे?' असे विचारतो. महासंगणकालाही तोच प्रश्न विचारायचा असतो.