उदगीरची कमाई, पानिपतचा खर्च

१९९९ साली निघालेला 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग मुले आजही संगणकावर आवडीने खेळतात. सुरुवातीला हाती फक्त तीन गावकरी असतात. ५० अन्न खर्चले की आणखी एक मिळतो आणि कामाला लागतो. पण सैनिक हवे असतील तर तेही याच कोठारातून उभे करायचे. मग आधी शेती वाढवायची की स्वारी करायची? नुसती शेती करणाऱ्याला शेजारी लुटतो. घाईने स्वारी करणाऱ्याचे कोठार ऐन लढाईत रिते होते.

हा पेच खऱ्या इतिहासात पाहायचा, तर लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला जावे. फेब्रुवारी १७६० मध्ये याच परिसरात सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. तहात दौलताबाद, अशीरगडासारखे किल्ले आणि वर्षाला सुमारे ६० लाखांचा मुलूख मराठ्यांना मिळाला.

कागदावर ही कमाई मोठी होती. परंतु मुलूख मिळणे वेगळे आणि वसूल हाती येणे वेगळे. ठाणी बसवावी लागतात, कमाविसदार नेमावे लागतात, पीक निघावे लागते. मगच पैसा जमा होतो. शिवाय १७५८ साली अटकेपर्यंत गेलेल्या मोहिमेतून राघोबादादा सुमारे ८० लाखांचे कर्ज घेऊन परतले होते.

मग भाऊंनी थांबायला हवे होते काय? तसे म्हणणे सोपे आहे. पण १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले होते आणि अब्दाली दिल्लीच्या आसपास होता. थांबण्यातही धोका होताच. मार्चमध्ये भाऊ परतूरहून उत्तरेकडे निघाले. खर्च उत्तरेतल्या वसुलीतून भागवावा, असा बेत होता. तो वसूल पुरेसा आला नाही. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आल्यावर लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासचे चांदीचे छत काढून त्याची नाणी पाडावी लागली. सुमारे ९ लाख रुपये झाले, पण एवढ्या फौजेला ते किती दिवस पुरणार? डिसेंबरात रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी फौज लढाईला उतरली.

पराभवाला इतरही कारणे होती. तरी उदगीरच्या विजयाला तेव्हा वर्षही पूर्ण झाले नव्हते, हे लक्षात घ्यावे. पुढे त्या मुलखाचा काही भागही निजामाने परत घेतला.

वर्गात एक कृती करून पाहावी. फळ्यावर फेब्रुवारी १७६० ते जानेवारी १७६१ असे बारा महिने लिहा. कोणत्या महिन्यात पैसा येऊ शकत होता आणि कोणत्या महिन्यात लागत होता, हे मुलांना दोन रंगांनी भरू द्या. मग विचारा : तुम्ही भाऊंच्या जागी असता, तर उदगीरहून कधी निघाला असता? मुले दोन्ही बाजूंनी भांडतील. भांडू द्यावे.