नियमितपणाचा इतिहास : स्त्रियांची कर्करोग-पूर्वतपासणी आणि बोलावण्याची व्यवस्था

रोगाचे कोणतेही लक्षण जाणवत नसताना, तो आरंभीच उघडकीस यावा एवढ्याच हेतूने जी तपासणी करतात तिला पूर्वतपासणी म्हणता येईल. स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांच्या बाबतीत तिचे महत्त्व बहुतेक सर्व देशांनी मान्य केले आहे. तथापि स्त्रिया ती नियमितपणे करून घेत नाहीत, ही तक्रारही तितकीच सार्वत्रिक आहे. आणि तिचा दोष बहुधा स्त्रियांच्या अज्ञानाला, संकोचाला किंवा उदासीनतेला दिला जातो. गेल्या साठ वर्षांचा इतिहास पाहता या निदानाचा फेरविचार करणे अवश्य ठरते. नियमितपणा हा मुख्यतः स्त्रीच्या स्वभावाचा गुण नसून तिला बोलावणाऱ्या व्यवस्थेचा गुण होय, असे त्यावरून दिसून येते.

जॉर्ज पापानिकोलाऊ व हर्बर्ट ट्रॉट यांनी १९४१ साली पेशीपरीक्षेसंबंधीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्यापूर्वी तेथील पेशींत कित्येक वर्षे हळूहळू बदल होत असतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता आले, तर रोग होण्यापूर्वीच उपाय करता येतो. परंतु एखाद्या परीक्षेत असा बदल नजरेतून सुटणे शक्य असते. म्हणून ही परीक्षा ठराविक वर्षांनी पुनःपुन्हा करावी लागते. नियमितपणाचा प्रश्न असा परीक्षेच्या स्वरूपातूनच उद्भवला.

या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे उत्तर युरोपातील शेजारी देशांनी दिली. आइसलँड व फिनलंड या देशांनी १९६० नंतरच्या दशकात लोकसंख्येच्या नोंदवहीवरून स्त्रियांना नावानिशी बोलावण्याची पद्धत स्वीकारली. नॉर्वेत अशी संघटित योजना त्या काळी केवळ ५ टक्के लोकसंख्येपुरती होती. १९६५ ते १९८२ या काळात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू आइसलँडमध्ये ८० टक्क्यांनी व फिनलंडमध्ये ५० टक्क्यांनी घटले. नॉर्वेतील घट अवघी १० टक्के होती. नॉर्वेतील स्त्रिया अधिक अज्ञ किंवा अधिक संकोची होत्या, असे मानण्यास काही आधार नाही.

ब्रिटनचा अनुभव याहूनही बोधप्रद आहे. तेथे १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून पेशीपरीक्षा सरकारी आरोग्यसेवेत उपलब्ध झाली. परंतु कोणास केव्हा बोलवावयाचे याची देशव्यापी व्यवस्था नव्हती. परिणामी संततिनियमनाच्या किंवा प्रसूतिपूर्व तपासणीच्या निमित्ताने दवाखान्यात येणाऱ्या तरुण स्त्रियांचीच परीक्षा वारंवार होई, आणि जिला धोका अधिक ती प्रौढ स्त्री बाहेर राही. १९८८ साली संगणकीय नोंदीच्या आधारे बोलावणे व पुनःबोलावणे सुरू झाले, आणि १९९० पासून ठराविक प्रमाण गाठणाऱ्या डॉक्टरांना त्याबद्दल मोबदला मिळू लागला. इंग्लंडमध्ये परीक्षेखाली आलेल्या स्त्रियांचे प्रमाण १९८८ मध्ये ४२ टक्के होते, ते १९९४ मध्ये ८५ टक्के झाले. परीक्षा तीच होती. पालटली ती व्यवस्था.

भारतात नोंदवही व पत्र यांची जागा माणसाने घ्यावी लागते, हे मुंबईतील प्रयोगाने दाखविले. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट केले. एका गटातील स्त्रियांची दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून तपासणी झाली : स्तनाची हाताने, आणि गर्भाशयमुखाची सौम्य ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी. गर्भाशयमुखाच्या तपासणीस ८९ टक्के स्त्रियांनी प्रतिसाद दिला. या गटात त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले. स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत २०२१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अधिक संमिश्र होता : पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, त्याखालील वयात तसा लाभ दिसला नाही. तुलनेसाठी घेतलेल्या गटास केवळ आरोग्यशिक्षण मिळाले होते, आणि यावर नैतिक आक्षेपही घेण्यात आले. हे आक्षेप लक्षात घेऊनही एक गोष्ट निर्विवाद राहते : सेविका दारी आली तेव्हा निर्धन वस्तीतील स्त्रीने पाठ फिरविली नाही.

केंद्र शासनाने २०१६ मध्ये ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी पाच वर्षांतून एकदा या दोन्ही तपासण्यांचे धोरण आखले. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या १.९ टक्के, आणि स्तनाची तपासणी झालेल्या ०.९ टक्के इतक्याच आढळल्या. येथे प्रश्न नियमितपणाचा नसून आरंभाचाच आहे.

बोलावणे केले की कार्य संपले, असा मात्र याचा अर्थ नव्हे. इंग्लंडमध्येही २०२३ साली गर्भाशयमुखाच्या तपासणीचे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली आले होते. व्यवस्था एकदा उभारून भागत नाही, ती सतत राखावी लागते. परंतु जिला कोणी कधी बोलावलेच नाही, तिच्यावर न आल्याचा ठपका ठेवणे इतिहासाला धरून नाही.