मधु, आसव आणि अबकारी

मधात पाणी आणि फळांचा रस मिसळून ते आंबवले, म्हणजे जे पेय तयार होते त्याला इंग्रजीत मीड म्हणतात. मराठीत त्याला काय म्हणावे? 'मधुमदिरा' हा शब्द नाट्यपदात शोभेल, स्वयंपाकघरात नाही. 'मधाची दारू' म्हटले की पंचनाम्याचा वास येतो. या प्रश्नाकडे आम्ही प्रथम भाषांतरातील एक अडचण म्हणून पाहत होतो. पण जी वस्तू घरात होत नाही, तिला घरगुती शब्द नसतो. आणि ती घरात का होत नाही हे विचारू लागले, की प्रश्न शब्दकोशाचा न राहता इतिहासाचा होतो.

हा प्रश्न आम्ही बीड जिल्ह्याच्या संदर्भात विचारतो आहोत. नाताळात घरी वाइन मुरवण्याची जी रीत वसई किंवा गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांत आढळते, तशी बालाघाटाच्या परिसरात नाही. परंतु मध आहे, जांभूळ, बोर, कवठ, आवळा आहे, आणि सीताफळ तर आहेच. सामग्री आहे, आंबवण्याचे ज्ञानही आहे. वेळ अमावास्येला लातूर-धाराशिवकडे व त्याला लागून असलेल्या गावांत सारे कुटुंब शेतात जमून ज्वारीच्या पिठाची आंबील पिते. ती आधी आंबवून ठेवलेली असते. म्हणजे आंबणे निषिद्ध नाही. ते एका विशिष्ट मर्यादेपर्यंतच घरातले राहिले आहे, आणि ही मर्यादा कोणी आखली हे पाहण्याजोगे आहे.

'मीड' आणि आपला 'मधु' हे एकाच मुळाचे शब्द. ग्रीक 'मेथू' त्यांचा भाऊ. ऋग्वेदात मधु म्हणजे मध, गोड पेय आणि कित्येकदा सोमसुद्धा. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रापर्यंत येताना शब्दाने मधमाशीचा हात सोडलेला दिसतो. तेथे मद्याच्या प्रकारांत 'मधु' म्हणजे द्राक्षांचा रस, आणि त्याची ओळख कापिशायन, हारहूरक अशा दूरच्या प्रदेशांच्या नावांनी होते. म्हणजे 'मधु' हे आयात मालाचे नाव होऊन बसले. पुढे सातवाहनकाळात भूमध्य प्रदेशातून मद्य येत होते, याची साक्ष नेवाशाच्या उत्खननात सापडलेल्या अँफोरा-कुंभांच्या तुकड्यांनी दिली आहे. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि पैठण तिच्याच काठी आहे; तेथील राजा हाल याच्या नावाने संकलित झालेल्या गाथासप्तशतीत मोहाची झाडे आणि मद्य प्यायलेल्या स्त्रिया संकोचाशिवाय वावरतात. महाराष्ट्री प्राकृताला या विषयाची लाज नव्हती, इतके तरी म्हणता येते.

अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाचे प्रकरण साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावे असे आहे. राज्य मद्यावर करडी नजर ठेवते, दुकाने कोठे असावीत हे ठरवते, दंड सांगते. तरीही त्यात कुटुंबासाठी एक दार उघडे आहे. घरच्या कार्यप्रसंगी गृहस्थांनी श्वेतसुरा करावी, औषधासाठी अरिष्ट करावे, अशी मुभा आहे. उत्सव, मेळे आणि यात्रा यांसाठी चार दिवसांची सवलत आहे. त्याच प्रकरणात किण्व, म्हणजे आंबवण्याचे विरजण, यासंबंधीचे वेचण्या-निवडण्याचे काम स्त्रियांनी आणि मुलांनी करावे असे सांगितले आहे. हे काम राज्याच्या भट्टीसाठीचे असले, तरी विरजणाची पारख ज्यांच्या हाती सोपवली, त्यांना ती घरातूनच ठाऊक असणार, असे आम्हाला वाटते.

फळांचे म्हणाल, तर चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ८४ आसवे मोजली आहेत. त्यांत धान्याची ६, मुळांची ११, फुलांची १०, तर फळांची २६. कोणत्याही एका वर्गापेक्षा जास्त. त्या २६ मध्ये द्राक्ष आणि खजूर आहेत, तसेच जांभूळ, कवठ, बोर, आवळा आणि उंबरही आहेत. ही यादी हाती घेऊन बालाघाटाच्या एखाद्या ओढ्याकाठाने चालावे. निम्मी नावे अनोळखी वाटणार नाहीत.

कृती शार्ङ्गधराने नेमकी सांगितली आहे. जेथे प्रमाण दिलेले नसेल तेथे एक द्रोण द्रवाला एक तुला गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि प्रक्षेपाची द्रव्ये गुळाच्या दहाव्या हिश्शाने. न उकळता केले ते आसव, काढा करून केले ते अरिष्ट. तुपाने माखलेले मातीचे भांडे धुरी देऊन घ्यायचे, ते काठोकाठ भरायचे नाही, वर धायटीची फुले टाकायची. धायटीची ही वाळलेली तांबडी फुले म्हणजे या विद्येचे मर्म. पाकळ्यांना आणि मधुरसाला चिकटून राहिलेले यीस्टच सारे काम करते. मग तोंडाला कापड बांधून, मातीने लिंपून भांडे धान्याच्या राशीत किंवा जमिनीत पुरायचे, म्हणजे उष्णता सारखी राहते. महिन्याभराने कान लावायचा: आतली चुळबुळ थांबली आहे का? पेटती काडी तोंडाशी धरायची. विझली तर कर्बवायू अजून निघतो आहे, तेवत राहिली तर काम संपले. त्यानंतरच गाळून बाटल्या भरायच्या. घाई केली तर बाटली फुटते. युरोपात मीड करणारी कुटुंबे काचेचे बुडबुडेदान लावून जे पाहतात, तेच येथे काडीने पाहिले जाई.

हे ज्ञान घरातून गेले कसे? 'अबकारी' या फारसी शब्दाचा मूळ अर्थ 'पाण्याचे काम' एवढाच. पण मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला आणि गाळण्या-आंबवण्यावर सरकारची मालकी प्रस्थापित झाली. १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्यात मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. शेजारचा नगर जिल्हा इंग्रजांच्या अमलाखाली, अबकारी वेगळी. तत्त्व मात्र दोन्हीकडे तेच, पेय हे महसुलाचे साधन. बीड १९५६ मध्ये मुंबई राज्यात आले आणि १९५९ च्या विस्तार-कायद्याने १९४९ ची दारूबंदी तेथे लागू झाली. या कायद्यातील 'निर्मिती'ची व्याख्या वाचताना आम्ही थबकलो: मद्य ज्या प्रक्रियेने तयार होते ती प्रत्येक प्रक्रिया, नैसर्गिक असो वा कृत्रिम. कौटिल्याने उघडे ठेवलेले दार येथे बंद झाले. औषधाची फट तेवढी राहिली, तीही भांडून. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधे बाळगण्यावरची बंदी अवैध ठरवली, आणि द्राक्षासव कपाटात सुखाने राहिले. घरच्या मडक्यातले मात्र नव्हे. वैद्यशाळेचे, लेबल लावलेले.

आपल्या साहित्याने या बदलाची दखल घेतली नाही, कारण त्याला दिसली ती दुकानातली बाटली. गडकऱ्यांचा 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आला, आणि मराठी मनात मद्य म्हणजे सुधाकराचा सर्वनाश हे कायमचे ठरले. माधव ज्यूलियनांनी उमर खय्यामला मराठीत आणले, पण ती मदिरा इराणची, तत्त्वज्ञानाची. वाळलेली धायटी निवडत बसलेली आजी दोन्हीकडे नाही.

तथापि हळहळ करण्याआधी दुसरी बाजू पाहिली पाहिजे. या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्राच्या गावोगावी स्त्रियांनी मतपत्रिकेवर 'आडवी बाटली' निवडून दारूची दुकाने बंद पाडली. त्यांना गडकरी वाचावे लागले नव्हते. ज्या घरात मजुरीचे पैसे दुकानात जातात, तेथे 'घरगुती आसवाची परंपरा' हे शब्द उच्चारणे सोपे नाही, आणि आम्ही ते सोपे आहे असे भासवू इच्छित नाही. एवढेच नोंदवतो की त्या स्त्रियांनी आडवी केली ती बाटली भट्टीची आणि ठेक्याची होती. महसूल म्हणून जी व्यवस्था उभी राहिली तिची.

गेल्या काही वर्षांत पुण्यात आणि नाशिककडे परवाना घेऊन मीड तयार होऊ लागले आहे. बाटली देखणी, नाव इंग्रजी, मध भारतीय. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे झाड अमेरिकेतून आलेले, म्हणून चरकाच्या ८४ त ते असणे शक्यच नव्हते. पिकलेले सीताफळ दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. मग गर काढतात, त्याची रबडी होते, आइस्क्रीम होते. जे फळ उरते ते पाटीत आपोआप आंबते. नैसर्गिक प्रक्रियेने.