ल्हासा अप्सो आणि कुलीनतेचा प्रश्न

ल्हासा अप्सो हा तिबेटमधील लहान चणीचा, दाट व लांब केसांचा श्वानवंश होय. बौद्ध मठांत व सरदारांच्या वाड्यांत त्याचे संगोपन झाले. दाराबाहेर मॅस्टिफ आणि आत हा छोटा राखणदार, अशी कामाची विभागणी परंपरेत सांगितली जाते. १९३३ मध्ये तेराव्या दलाई लामांकडून अशा श्वानांची जोडी अमेरिकन प्रवासी सुईडॅम कटिंग यांना भेट मिळाली. १९३५ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने या वंशाला मान्यता दिली.

या श्वानाचा स्वभाव त्याच्या राखणीच्या कामाशी सुसंगत आहे. कान तीक्ष्ण, घरच्यांवर जीव, परक्याविषयी संशय आणि थोडा हट्टीपणा हे त्याचे विशेष होत. त्याला शोभेचे बाहुले मानणे चुकीचे ठरेल. त्याचे केस मुळापर्यंत नियमित विंचरावे लागतात. अन्यथा गुंता होऊन त्वचेला इजा होते. डोळे, कान व दात स्वच्छ ठेवावे लागतात. विदर्भातील उन्हाळ्यात त्याला सावली व पाणी अत्यावश्यक आहे.

मृत लामा या श्वानांच्या रूपाने जन्म घेतात, अशीही एक लोकसमजूत आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्म्याचे संक्रमण नाकारले आहे. त्यामुळे ही समजूत आपणांस स्वीकारता येत नाही. श्वान करुणेस पात्र आहे तो पूर्वी लामा होता म्हणून नव्हे, तर त्याला वेदना होते म्हणून.

या संदर्भात पालि कुक्कुर जातक विचारात घेण्याजोगे आहे. वाराणसीच्या राजाच्या रथाचे चामडे राजवाड्यातील श्वान कुरतडतात. परंतु वधाची आज्ञा निघते ती नगरातील श्वानांसाठी. राजवाड्यातील 'कोलेय्यक', म्हणजे कुलीन श्वान, तेवढे वगळले जातात. तेव्हा स्मशानवासी श्वानांचा नायक असलेला बोधिसत्त्व राजासमोर जाऊन विचारतो, की चौकशीविना दुर्बलांस मारणे आणि कुलीनांस सोडणे हा न्याय कसा? ताक व दर्भ चारताच राजवाड्यातील श्वान चामडे ओकतात. अपराध कोणाचा हे उघड होते आणि राजा सर्व प्राण्यांस अभय देतो.

या कथेचा रोख श्वानांपुरता नाही. तो जन्मावर आधारलेल्या न्यायावर आहे. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी पिण्यास मज्जाव नव्हता, माणसांना होता. त्यात दोष जनावरांचा नव्हता. जन्मावरून अधिकार ठरविणाऱ्या धर्मव्यवस्थेचा होता. म्हणून केसाळ ल्हासा अप्सो घरी जरूर पाळावा, त्याची निगाही राखावी. मात्र त्याच्या वंशावळीचा अभिमान बाळगून दारातील बेवारस कुत्र्यावर दगड उचलू नये. मैत्रीला कूळ नसते, हाच कुक्कुर जातकाचा बोध आहे.