निंजाचे कूळ

नोकरीनिमित्त आम्ही काही वर्षे भोपाळला होतो. त्या काळात आमच्या घरी दोन निंजा मुक्कामाला होते. पहिला हातोरी. निक वाहिनीवर तो संध्याकाळी हिंदी बोलत यायचा. माझा मुलगा तेव्हा तिसरी-चौथीत होता. दोनेक वर्षांत हातोरी मागे पडला आणि नारुतो आला. हा टीव्हीवरून आला नाही, मुलाच्या वर्गमित्राच्या पेन ड्राईव्हवरून आला. बोलणे सगळे जपानी आणि खाली इंग्रजी ओळी. त्या भराभर वाचता येत नसत म्हणून मुलगा मला शेजारी बसवून घ्यायचा. असा मी चाळिशी उलटल्यावर निंजांच्या नादी लागलो.

ज्यांच्या घरात हा पाहुणा आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मासाशी किशिमोतो या चित्रकाराने १९९९ साली एका जपानी साप्ताहिकात ही चित्रकथा सुरू केली. ती २०१४ साली ७०० प्रकरणांवर थांबली. तिच्यावरची मालिका २००२ ते २०१७ अशी दोन पर्वांत चालली. पहिल्या पर्वाचे २२० भाग आणि दुसऱ्याचे ५००. नारुतो हे एक अनाथ पोर. त्याच्या पोटात नऊ शेपट्यांचा राक्षसी कोल्हा कोंडलेला, म्हणून सारे गाव त्याला टाळते. शाळेत ढ, परीक्षेत नापास. आणि हा म्हणतो, मी एक दिवस गावाचा प्रमुख होणार!

मला या मालिकेने जिंकले ते एका परीक्षेच्या प्रसंगात. नेजी नावाचा एक अतिशय हुशार मुलगा आहे. घराणे मोठे, पण हा धाकट्या पातीचा. थोरल्या पातीची चाकरी करायची म्हणून त्याच्या कपाळावर लहानपणीच खूण उमटवलेली. तो म्हणतो, माणूस जन्मतो तेव्हाच त्याचे काय होणार ते ठरलेले असते. नारुतो त्याला हरवतो. त्याच परीक्षेत रॉक ली नावाचा आणखी एक मुलगा आहे. त्याला निंजांची एकही जादू येत नाही. फक्त घाम गाळणे येते. पायांना बांधलेली जड वजने तो सोडून टाकतो, ती जमिनीवर आदळून धुरळा उडतो आणि हा वाऱ्यासारखा धावत सुटतो, ते पाहून आम्ही बापलेकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तो शेवटी हरतो. पण असा हरतो, की मुलाने महिनाभर वहीवर त्याचीच चित्रे काढली.

पुढे आठवीत एका चाचणीत मुलगा गणितात नापास झाला. मी रागाच्या भरात बोलून गेलो, "आपल्या घराण्यात गणितात आजवर कुणी नापास झालेलं नाही." तो खाली मान घालून म्हणाला, "बाबा, तू नेजीसारखा बोलतोस." मला पुढे शब्द सुचला नाही. आम्हा गोंयकारांच्या तोंडी तर हे वाक्य जन्मापासूनच असते. देवळात, लग्नात, बसमध्ये कुणी नवा भेटला की पहिला प्रश्न, "तूं कोणाचो?" मग गाव, मग कुळदेव. माणूस काय करतो हे नंतर.

असे असताना मालिकेनेच आमचा घात केला. दुसऱ्या पर्वात कळले, की नारुतोचा बाप म्हणजे गावाचा चौथा प्रमुख, ज्याचा पुतळा लोक डोंगरात कोरून पुजतात तोच. आईही थोर कुळातली. आणखी पुढे तर तो एका आदिऋषीच्या धाकट्या मुलाचा पुनर्जन्मच निघाला. त्या ऋषीपुत्रांची नावे इंद्र आणि आशुरा. आपले इंद्र आणि असुर बौद्ध धर्माबरोबर जपानात गेले, ते तिथून या मालिकेत उतरले. आपली माणसे भेटली म्हणून आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. मुलगा एवढेच म्हणाला, "म्हणजे नेजीचंच बरोबर होतं." रॉक ली तोवर गर्दीत मागे उभा राहणाऱ्यांपैकी एक झाला होता. नेजी तर पुढे युद्धात नारुतोला वाचवताना मेला.

त्या काळात मी रविवारी मोठ्या तलावाच्या बाजूने फिरायला जात असे. तिथे जुन्या फतेहगढ किल्ल्याच्या आवारात भोपाळ संस्थानच्या संस्थापकाची, दोस्त मोहम्मद खानाची कबर आहे. हा तिराहच्या डोंगरातला पठाण. औरंगजेबाच्या शेवटच्या काळात नशीब काढायला हिंदुस्थानात आला. भाड्याने तलवार चालवत माळव्यात हिंडला, १७०९ साली बेरासियाचा इजारा मिळवला आणि १७२८ साली मेला तेव्हा नवाब होता. त्याच्यानंतर गादी कुणाला? अर्थात त्याच्याच वंशजांना, थेट १९४९ पर्यंत. याच भोपाळजवळ डिसेंबर १७३७ मध्ये बाजीरावाने निजामाला कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दुराई सराईच्या तहात त्याच्याकडून माळवा लिहून घेतला. त्या माळव्यात मराठी सत्ता रुजवणारे मल्हारराव होळकर धनगराच्या घरातले. राणोजी शिंदे पेशव्यांचे जोडे सांभाळत अशी आख्यायिका आहे. दोघेही स्वतःच्या मनगटावर मोठे झाले. पण पुढच्या पिढ्यांत इंदूर होळकरांचे आणि ग्वाल्हेर शिंद्यांचे. तिथे दुसऱ्या कुणा मेंढपाळाच्या पोराला वाट उरली नाही. पहिल्या पिढीत पराक्रम आणि दुसऱ्या पिढीपासून कूळ, हा आपल्याकडचाही नेमच की. मग एकट्या किशिमोतोवर काय रागवायचे?

राग उतरल्यावर मी खऱ्या निंजांविषयी मिळेल ते वाचायला लागलो. जपानातला इगा हा डोंगरांनी वेढलेला छोटा प्रांत. तिथे कुणी मोठा सरदार नव्हता. गावोगावचे छोटे जमीनदार एकत्र बसून आपला कारभार पाहत आणि गरज पडली तर हेरगिरी आणि छुपे हल्ले करत. १५८१ साली ओदा नोबुनागाने चाळीस हजारांहून मोठी फौज घालून तो प्रांत जाळला. हा नोबुनागा गोव्याला अगदीच परका नाही. त्याच्या दरबारात जाणारा जेझुइट पाद्री लुईश फ्रॉइश गोव्यात शिकून तिकडे गेला होता, आणि इगा जळाले त्याच वर्षी नोबुनागाला भेटलेला व्हालिन्यानोही गोव्याहूनच गेलेला.

पुढच्याच वर्षी नोबुनागा मारला गेला आणि तोकुगावा इएयासूवर जीव वाचवून पळायची वेळ आली. इगाच्या डोंगरांतून त्याला सुखरूप बाहेर काढण्यात हातोरी हानझोचा हात होता. आमच्या टीव्हीवरच्या पहिल्या निंजाला आडनाव मिळाले ते याच्यावरून. गंमत अशी, की हा हानझो निंजापेक्षा भालाईत सामुराईच जास्त, आणि त्याचा जन्मही इगात झालेला नाही. बाप तेवढा इगाचा! इएयासूने पुढे इगाच्या दोनशे माणसांची तुकडी त्याच्या हाताखाली दिली. हानझो वारल्यावर ती तुकडी त्याच्या मुलाकडे आली, आणि मुलगा त्या माणसांना घरगड्यासारखे राबवू लागला. तेव्हा १६०५ च्या सुमारास या दोनशे जणांनी एका देवळात ठाण मांडले. याला काढा, एवढीच त्यांची मागणी. आणि इएयासूच्या सरकारला हानझोच्या मुलाला खरोखरच काढावे लागले. बंडाच्या म्होरक्यांना त्याची जबर किंमत मोजावी लागली, पण बापाच्या नावावर आलेला नायक त्यांनी उतरवला.

नारुतोच्या ७२० भागांत मला जे हवे होते ते इथे सापडले. ते दोनशे जण म्हणजे सगळे रॉक लीच. गोष्टी रचणाऱ्यांना मात्र ते कधीच पुरले नाहीत. १८३९ पासून जपानात भागाभागाने निघालेल्या एका कादंबरीत बेडकावर बसणारा जिराया आहे. नारुतोच्या गुरूला नाव मिळाले ते त्याचेच. तोही शेवटी बुडालेल्या मोठ्या घराण्याचा वारसच. आपल्याकडे बहिर्जी नाईकाचे घ्या. सुरतेची खबर आणणारा हेर म्हणून सभासद बखरीत त्याचे नाव येते, आणि त्याच्या कामाविषयी विश्वासाने सांगता येईल असे फार थोडे आहे. पण त्याच्या कुळावर वाद घालायला बसलो तर रात्र पुरणार नाही.

२०१७ साली मालिका संपली तेव्हा आम्ही गोव्यात परतलो होतो. शेवटचा भाग मी एकट्याने पाहिला. मुलगा शिकायला बाहेर होता. राग राहिला नव्हता. एखाद्या थकलेल्या नातेवाईकाविषयी वाटते तसे काहीसे वाटले. बोलला होता मोठे, पाळता आले नाही. पण ते बोलला नसता, तर आठवीतल्या एका मुलाला आपल्या बापाला अडवायला शब्द कुठून मिळाले असते? नारुतोच्या मुलाची नवी मालिका त्याच वर्षी सुरू झाली. ती काही मी पाहिली नाही. बापाच्या नावावर आलेला नायक पाहायचा उत्साह उरला नव्हता.

हल्ली मुलगा जत्रेला गावी येतो. मंडपात कुणी ना कुणी म्हातारा त्याला विचारतोच, "तूं कोणाचो?" तो माझे नाव सांगतो, आजोबांचे सांगतो, नमस्कार करतो. त्यात प्रेम असते, ते नाकारायचे कारण नाही. मी मात्र तिथे दुसऱ्यांची पोरे भेटली, की आधी विचारतो, "तुला काय काय येतं रे?"