हवाल्यांची मोजदाद

उर्दूत लिहिताना दुसऱ्याच्या ग्रंथाचा आधार घेतला की त्याचा 'हवाला' द्यावा लागतो. मराठीत आपण संदर्भ म्हणतो, पण हवाला हा शब्द मराठीलाही परका नाही. एखादी वस्तू कुणाच्या 'हवाली' करतो, त्यातही तोच आहे. ज्याचे श्रेय त्याच्या हवाली करणे, हा हवाल्याचा मूळ भाव. विज्ञानाच्या जगात मात्र या हवाल्यांची मोजणी होते आणि त्या आकड्यावर नोकरी, बढती, अनुदान ठरते. हे कसे घडले?

ही मोजणी माणसांना जोखण्यासाठी सुरूच झाली नव्हती. कॅलिफोर्नियातील पोमोना कॉलेजच्या ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांनी १९२७ साली एक साधा प्रश्न विचारला. लहान कॉलेजच्या ग्रंथालयाकडे पैसे थोडे, मग रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत? त्यांनी 'जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी'चे १९२६ सालचे अंक घेतले आणि तळटीपांत कोणत्या नियतकालिकाचा उल्लेख किती वेळा येतो ते मोजले. जे जास्त वापरले जाते ते आधी विकत घ्यावे, एवढाच हिशेब.

दुसरा धागा वकिलीतून आला. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ पासून खटल्यांची सूची काढली होती. जुन्या निकालाचा आधार पुढे कोणत्या खटल्यांत घेतला गेला, तो कायम राहिला की फिरवला गेला, हे वकिलाला त्यात सापडे. यूजीन गारफिल्ड यांनी ही कल्पना विज्ञानात आणली. १९५५ साली 'सायन्स'मध्ये त्यांनी मांडले की अशी सूची असेल तर एखाद्या निबंधावर पुढे कुणी काय आक्षेप घेतला तेही अभ्यासकाला कळेल आणि चुकीची माहिती डोळे झाकून पुढे जाणार नाही. १९६४ साली त्यांच्या संस्थेने 'सायन्स सायटेशन इंडेक्स' छापला. पाच खंड, ६१३ नियतकालिके, सुमारे १४ लाख संदर्भ! सूचीत कोणती नियतकालिके घ्यायची हे ठरवण्यासाठी 'इम्पॅक्ट फॅक्टर' आला. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना या वर्षी मिळालेले एकूण संदर्भ भागिले त्या लेखांची संख्या. म्हणजे तोही नियतकालिकाचा आकडा, माणसाचा नव्हे.

माणसाचा आकडा २००५ साली आला. अर्जेंटिनात जन्मलेले, सॅन डिएगोच्या विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 'एच-निर्देशांक' सुचवला. शास्त्रज्ञाचे निबंध संदर्भांच्या उतरत्या क्रमाने लावा. समजा संदर्भ ५०, ३०, १२, ६, ५, ३ असे आहेत. पाचव्या निबंधाला निदान पाच संदर्भ आहेत, सहाव्याला सहा नाहीत. म्हणून निर्देशांक ५. सोपा आणि सुटसुटीत. म्हणूनच तो निवड समित्यांच्या टेबलावर लगेच रुळला.

आता ही फूटपट्टी सत्येंद्रनाथ बोस यांना लावून पाहू. १९२४ साली ढाका विद्यापीठातून त्यांनी एक छोटा निबंध आइनस्टाईनना पाठवला. आइनस्टाईननी स्वतः त्याचा जर्मन अनुवाद करून तो छापवला. त्यातून बोस-आइनस्टाईन सांख्यिकी जन्मली आणि विश्वातल्या कणांच्या एका अख्ख्या वर्गाला पुढे 'बोसॉन' हे नाव मिळाले. पण बोस यांचे आयुष्यभराचे शोधनिबंध जेमतेम दोन डझन. ज्याचे दोनच निबंध जगाने डोक्यावर घेतले, प्रत्येकाला पाच हजार संदर्भ मिळाले, त्याचाही एच-निर्देशांक दोनच! शिवाय आज 'बोसॉन' लिहिणारा कुणी त्या मूळ निबंधाचा हवाला देत बसत नाही. शोध जितका खोल रुजतो, तितका त्याचा संदर्भ गळून पडतो.

उलट बाजूही पाहा. सर्वाधिक संदर्भ मिळालेला निबंध म्हणजे प्रथिने मोजण्याची पद्धत सांगणारा लावरी यांचा १९५१ सालचा निबंध, तीन लाखांहून अधिक संदर्भ. उपयोगी खराच, पण तो काही थोर निबंध नाही, हे लावरींनी स्वतःच मान्य केले होते.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली आणि छापलेल्या निबंधांना गुण मिळू लागले. तालुक्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या एका मित्राने त्या काळात पैसे भरून निबंध छापून घेतला. आठवड्यात छापून आला. मजकूर मीच तपासला होता, तरी शीर्षकातली ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक माझ्या नजरेतून सुटली. ती तशीच छापली गेली. मित्र हसून म्हणाला, "गुण मिळाले, वाचणारा कोण आहे?" त्या हसण्यात लाज होती. माणूस वाईट नव्हता, पण नियमाने त्याला तिथे आणून उभे केले होते.

असे एकटा माझा मित्रच करत नव्हता. २०१८ साली भूषण पटवर्धन आणि पुणे विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली नियतकालिके तपासली. त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक साध्या निकषांतही बसली नाहीत. खुद्द हिर्श यांनीही २०२० साली आपल्या निर्देशांकाचे विपरीत परिणाम होत असल्याची कबुली दिली.

मोजणी सरसकट टाकून द्या, असे मी म्हणत नाही. ओळखीपाळखीच्या नेमणुकांपुढे आकडा कधी कधी गरिबाच्या मुलाचा वकील ठरतो, हेही खरे आहे. पण गारफिल्ड यांची सूची वाचकाला निबंधापर्यंत नेण्यासाठी होती. आज आकडा पाहिला की निबंध वाचायची गरजच उरत नाही. म्हणून पुढच्या वेळी कुणी एखाद्या शास्त्रज्ञाचा निर्देशांक सांगितला, तर त्याला नम्रपणे एवढेच विचारावे, "त्यांचे कोणते काम आपण वाचले आहे?"