जिन आणि इंजिन

खान्देशातल्या असोद्याकडचा शेतकरी कापूस ‘जिनात नेला’ म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे एक आवार असतं. वजनकाटा, कापसाचे ढीग, अंगाला चिकटणारी रुई. मूळ शब्द मात्र यंत्राचा. लॅटिनमध्ये ‘इंजेनियम’ म्हणजे उपजत बुद्धी. तिथून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘एंजिन’ झाला आणि सुरुवातीचं अक्षर गळून ‘जिन’ उरलं. त्याचा अर्थ युक्ती, सापळा, यंत्र. सरकीशी त्याचा संबंध नंतरचा.

सरकी काढण्याची विद्या मात्र आपल्याकडे जुनीच. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांत एका लाटेचं, म्हणजे रुळाचं, साधन दिसतं. पुढे दोन लाटांची लाकडी चरखी आली. लाटा उलटसुलट फिरतात, मधली फट सरकीपेक्षा अरुंद. तंतू पलीकडे ओढला जातो, सरकी अलीकडे गळते. इतकी नेमकी रचना कुणी आधी केली, त्याचं नाव इतिहासात नाही, याची मला खंत वाटते. अमेरिकेतल्या एलाय व्हिटनीचं नाव मात्र जगभर झालं. त्याच्या 1794च्या जिनात तारेचे दाते होते. तंतू त्यात तुटायचा. आपल्याकडे रुजलं ते 1840चं मॅकार्थीचं जिन. चामड्याचा रूळ तंतू ओढतो आणि खालीवर होणारं पातं सरकीला टोले देऊन सोडवतं. अमेरिकन यादवीत (1861-65) तिकडचा कापूस अडला, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली आणि पुढे खान्देशात वाफेवरची जिनं उभी राहिली.

हाच शब्द खान्देशात दुसऱ्यांदाही आला, विहिरीवर. असोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंनी गाण्यात आणलेली मोट बैल ओढायचे. चामड्याची भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात ओतली जायची. तिच्या जागी तेलावरचं ‘इंजिन’ बसलं. एक सरकी काढणारं, दुसरं पाणी काढणारं. दोघं एकाच कुळातले, पण गावात कुणी त्यांना भाऊ मानलं नाही.

वीज आल्यावर विहिरीवरचं इंजिन गेलं, लोक ‘मोटर’ म्हणू लागले. कापसाच्या कारखान्यातही वाफ जाऊन वीज आली, तरी तिथलं नाव बदललं नाही. तोवर ‘जिन’ हे यंत्राचं नाव राहिलंच नव्हतं, ते जागेचं झालं होतं.